पुढून हेराल्ड, मधून नाही: पाचपाखाडीतल्या एका स्पिटफायरची सुरुवात

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, सन १९६८. दोन सीट, कापडी टप, १२९६ सीसी इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. मालक माझा शाळासोबती. त्याच्या वडिलांनी कॉव्हेंट्रीत नोकरीला असताना ही गाडी घेतली आणि १९७२ मध्ये परत येताना बोटीने मुंबईला आणली. १९८८ पासून ती पाचपाखाडीतल्या बंगल्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी बंगला पुनर्विकासाला गेला, दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची ठरली, आणि पस्तीस-छत्तीस वर्षं टाळलेला निर्णय आठ दिवसांत घ्यावा लागला. भंगारवाल्याने येऊन वजनाचा अंदाजही सांगितला होता. सातशे किलोच्या आसपास, म्हणजे खरं तर बरोबर सांगितला होता. काकू म्हणाल्या, "ह्यांची गाडी किलोवर जाणार नाही." मग गाडी वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात आली. माझं काम जिग-फिक्श्चरचं, गाडीचं नाही. पण गाळ्यात जागा होती, डायल गेज होतं आणि उत्साह गरजेपेक्षा जास्त होता.

पुढे जे लिहितोय ते पहिल्या सहा महिन्यांचं आहे. गाडी अजून रस्त्यावर नाही.

स्पिटफायर समजून घ्यायची तर आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डपासून सुरुवात करावी लागते. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ ला इंग्लंडमध्ये आली. त्या काळी बहुतेक नव्या गाड्या चेसिस, म्हणजे खालचा वेगळा लोखंडी सांगाडा, सोडून एकसंध बॉडीकडे निघाल्या होत्या, पण ती बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतली. मग यांनी वेगळी चेसिस ठेवली आणि बॉडीचे तुकडे बोल्टने जोडायची गाडी काढली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. बोल्टने जुळणारी गाडी पेट्यांतून पाठवून कुठेही जोडणं सोपं, आणि १९६१ पासून मद्रासला ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार व्हायला लागली. ठाण्या-मुंबईतल्या जुन्या मिस्त्रींचा हात बसला तो या हेराल्डवर.

त्याच हेराल्डच्या सामानातून मिकेलोत्तीने दोन सीटची स्पोर्ट्‌स गाडी काढली. पैसे संपल्यामुळे तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, तिच्या माणसांनी पाहणी करताना ते कापड उचललं, आणि १९६२ च्या लंडन मोटर शोमध्ये स्पिटफायर उभी राहिली. ताडपत्रीखाली निपचित पडून राहायची सवय या गाडीला जन्मापासूनची आहे, असं मी मित्राला ऐकवलं होतं. तेव्हा तो ताडपत्रीवरची उंदराची लेंडकं झाडत होता, हसला नाही.

आमचे मिस्त्री उथळसरचे, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी हेराल्ड केलेल्या. पडवीत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ही आपली हेराल्डच की हो. फक्त छाटलेली." दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवून त्यांनी अख्खा पुढचा भाग, मडगार्ड-दिव्यांसकट, नाकाकडे उलटा उघडला. हेराल्डचंही बॉनेट असंच उघडतं. खाली इंजिन, रेडिएटर, सस्पेन्शन, सगळं ताटात वाढल्यासारखं. मिस्त्रींचा चेहरा असा खुलला की ही गाडी त्यांना येते याबद्दल आम्हाला शंकाच उरली नाही.

आणि पुढच्या भागापुरती ती खरोखर येत होती. गाडी बाहेर काढायच्या आधीच त्यांनी पुढच्या चाकांच्या आत हात घातला, खालच्या पितळी गोळ्यावरचा मळ बोटाने पुसला आणि ग्रीस गन शोधत असलेल्या माझ्या पोराला थांबवलं. "इथं ग्रीस नाही भरायचं. नव्वद नंबरचं ऑइल." या गोळ्याला ट्रनियन म्हणतात. चाकाचा उभा लोखंडी दांडा खालच्या टोकाला आटे पाडून त्यात बसवलेला असतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वर सुकून बसतं. आत पाणी शिरतं, दांड्याला गंज धरतो, आणि एखाद्या दिवशी वळणावर दांडा तुटून चाक आडवं होतं. दोन बाजूंच्या आट्यांची दिशाही वेगळी, त्यामुळे डावा-उजवा बदलून चालत नाही. मिस्त्रींनी छोटा स्क्रू काढून तिथे निपल लावलं, गनमध्ये गिअर ऑइल भरलं आणि वरच्या कडेने काळं पाणी, मग गढूळ तेल, मग स्वच्छ तेल येईपर्यंत दाबत राहिले. अर्धा तास गेला. उजव्या बाजूचं पाणी डावीपेक्षा दुप्पट निघालं, म्हणून तो दांडा बदलायच्या यादीत गेला.

एवढं बघितल्यावर मिस्त्री सांगतील ते ब्रह्मवाक्य, असं आम्ही मनोमन ठरवून टाकलं. चूक तिथे झाली. चूक मिस्त्रींची म्हणणार नाही. पुस्तक माझ्याकडे होतं आणि ते मी वाचलं नव्हतं.

जॅक

गाळ्यात गाडी आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोन्ही दारं काढली. कारण सांगायला लाज वाटते: आत वाकून काम करताना दार मध्ये येत होतं. बिजागऱ्यांखालच्या पातळ पट्ट्या, कुणाखाली एक, कुणाखाली दोन, सगळ्या श्रीखंडाच्या एकाच डब्यात टाकल्या. डब्यावर मोठ्या अक्षरात 'दार' लिहिलं. किती व्यवस्थित काम चाललंय, असंही वाटलं.

मग मिस्त्रींनी ट्रॉली जॅक डाव्या बाजूला, दाराच्या बरोबर खाली लावला. हेराल्डला तिथे चेसिसची बाजूची पट्टी असते, जॅक तिथेच लागतो. दोन-तीन हात मारले. जॅक वर गेला, गाडी मात्र होती तिथेच राहिली.

आवाज मोठा नव्हता. ओला खाकरा मोडावा तसा. जॅकचं तोंड सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, दीड इंच शिरलं होतं आणि खाली फरशीवर लांबीचे, म्हणजे पुटीचे, ढपले पडले होते. एक उचलून बघितला: वरून लाल रंग, त्याखाली निळा, त्याखाली बोटभर जाडीची लांबी, आणि लांबीच्या आतल्या अंगाला गोणपाटाची जाळी चिकटलेली. जाळीला धरून ठेवायला पत्रा नव्हताच. कुणीतरी कधीकाळी कुजलेल्या पोकळीत गोणपाट कोंबून वर लांबी ओढली होती आणि त्यावर छान रंग मारला होता. ऐंशीच्या दशकात गाडी मुंबईत कुठल्याशा गॅरेजला 'फुल बॉडी' करून घेतल्याचं मित्राला आठवत होतं. त्यांचं नाव लिहून उपयोग नाही. तेव्हा तशीच पद्धत होती.

मिस्त्री खाली बसले, बॅटरी घेऊन आत बघितलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "साहेब, चेसिस कुठाय?"

चेसिस होती, पण मध्ये. हेराल्डची चेसिस बाजूला फाकलेली असते, तिला बॉडीच्या कडेने जाणाऱ्या पट्ट्या असतात. स्पिटफायरसाठी तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे साडेआठ इंचांनी कमी केला आणि बाजूच्या पट्ट्या काढून टाकल्या. राहिला तो माशाच्या काट्यासारखा मधला कणा. बाजूचं बळ बॉडीच्या सिलवर सोपवलं: आतली पट्टी, मधली मजबुतीची पट्टी आणि बाहेरचं आवरण, असे तीन थर मिळून एक पेटी. मागच्या चाकांना पुढे-मागे सरकू न देणारे दांडेसुद्धा चेसिसला न जोडता बॉडीलाच जोडलेत, सीटच्या मागे. म्हणजे कागदावर 'वेगळी चेसिस' असलेली ही गाडी व्यवहारात अर्धी एकसंध आहे. सिल गेला की गाडी मधोमध खचते.

मिस्त्रींचा बेत होता बॉडीचे बोल्ट सोडून, चार माणसं लावून, बॉडी उचलून बाजूला ठेवायची. हेराल्डला ते चालतं. इथे, सिल कुजलेले आणि दारं काढलेली असताना, ती बॉडी हवेत गेली असती तर मधून वाकली असती, आणि पुन्हा चेसिसवर ठेवताना एकही भोक जुळलं नसतं. आठ बोल्ट ढिले झालेही होते. ते परत कसले.

फोटो

आता प्रश्न असा: गाडी मूळ किती सरळ होती आणि आता किती खचलीय? याचं उत्तर दाराच्या फटीत असतं. बॉडी मधून खाली बसली की दाराच्या मागच्या कडेची वरची फट मिटत जाते आणि खालची रुंदावते. मापायची फट दार काढताना आम्ही स्वतःच्या हाताने घालवली होती.

वाचवलं मित्राच्या मुलीने. बंगला सोडायच्या दिवशी तिने पडवीत गाडीचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले होते, 'आजोबांची रेड बेबी' असं लिहून. त्यातल्या एका फोटोत डावं दार बाजूने पूर्ण दिसत होतं. मोठा करून बघितलं. वर आगपेटीची काडी जाणार नाही, खाली करंगळी जाईल. म्हणजे गाडी आधीपासूनच खचलेली होती, पडवीत उभी असतानाच. जॅकने फक्त पडदा उघडला.

त्यानंतरचे तीन रविवार दारं परत बसवण्यात गेले. ऐकायला हास्यास्पद वाटतं आणि होतंही. कुठली पट्टी कुठल्या बिजागरीखालची, हे पट्टीवरच्या गंजाच्या ठशावरून जुळवावं लागलं. मी पुण्यातल्या एका टूल रूममध्ये उमेदवारी केलीय. तिथे असा डबा भरला असता तर फोरमनने तो माझ्या डोक्यावर रिकामा केला असता. आता प्रत्येक बोल्टला खाकी पाकीट, पाकिटावर तारीख, जागा आणि फोटोचा क्रमांक. आणि नियम: मापल्याशिवाय काहीही सुटणार नाही.

दारं बसल्यावर मापं घेतली. डाव्या बाजूला दाराची चौकट वरच्या अंगाला उजवीपेक्षा सहा मिलिमीटर कमी. कर्ण दोन्हीकडचे काढले, तेही हेच सांगत होते. एक इंची चौकोनी पाइप घेऊन बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवा आधार केला. दार लावून बघता यावं म्हणून तो आतल्या अंगाने, आणि मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. गाडी चाकांवरच ठेवली. जॅकवर घेतली असती तर वजन भलत्या ठिकाणी जाऊन वाकलेली बॉडी वाकलेलीच पक्की झाली असती. रोज अर्धा फेरा टर्नबकल, मग दार लावून फट बघायची. अकराव्या दिवशी वर-खाली सारखी आली. मग पाइपला वेल्डिंगचे टाके मारून ती जागा कायम केली.

चेसिसचा कणा हातोडीने ठोकत पुढून मागे गेलो. सगळीकडे खणखणीत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गळतीने त्यावर वर्षानुवर्षं तेलाचा थर बसला होता. गळक्या इंग्लिश इंजिनाचा हा एक फायदा.

आवाज

या सगळ्यात घरच्यांचा एकच प्रश्न होता: सुरू कधी करणार? काकूंना आवाज ऐकायचा होता, आणि ती मागणी मोडवत नव्हती. नवी बॅटरी, बाटलीतून पेट्रोल, डेल्कोचे (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) पॉइंट साफ, एवढ्यावर हे इंजिन बहुधा बोललंही असतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून दहा दिवस ठेवल्यावर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हाताने फिरायला लागली होती.

इथे मिस्त्री पुन्हा त्यांच्या मुलखात आले. हे इंजिन हेराल्डच्याच घराण्यातलं. मद्रासच्या हेराल्डचं ९४८ सीसीचं, हे १२९६, पण खोड सारखीच. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राकृती वॉशर असतात. क्लच दाबला की क्रँकवर पुढे ढकलणारा जोर येतो आणि तो सगळा या वॉशरवर पडतो. ते झिजून पातळ झाले की एक दिवस जागेवरून निसटतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासते. मिस्त्री म्हणाले, "क्लच दाबा, मी पुली बघतो." पण क्लचचा सिलिंडर कधीच मेला होता. मग पुलीमागे पान्याचं टोक अडकवून ती पुढे ओढायची, मागे ढकलायची, आणि मी डायल गेज लावून बसलो. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतका खेळ चालतो. काटा दीड मिलिमीटरच्या पुढे गेला.

सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला. तळाला डांबरासारखा गाळ होता. मिस्त्रींनी त्यात हात घातला आणि मटणाच्या रश्शातून नळी काढावी तसा एक अर्धचंद्र काढला. एका बाजूने कागदासारखा पातळ. दुसरा अजून जागेवर होता, जेमतेम. ब्लॉकची कड थोडी घासली होती, मशीनिंगने सुधारेल इतकीच. त्या अवस्थेत पाच मिनिटं जरी इंजिन चालवलं असतं तरी तो ब्लॉक भंगारात गेला असता.

काकूंना वॉशर दाखवला. हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सिग्नलला ह्यांचा पाय कायम क्लचवर. मी सांगायचे." माटुंगा ते फोर्ट रोज ये-जा होती. इतक्या वर्षांचे सिग्नल त्या पातळ पट्टीवर मोजून दाखवल्यासारखे होते. वॉशर त्यांनी परत दिला नाही. देवघराच्या खणात आहे.

नंबर

कागदांचं काम आम्ही सगळ्यात शेवटी धरणार होतो. एका जाणकाराने ते आधी करायला लावलं आणि त्याने दोन निर्णय बदलले.

आरसी म्हणजे खरोखरचं पुस्तक आहे, १९८९ च्या आधीचा तीन इंग्रजी अक्षरांचा नंबर, मालक म्हणून वडिलांचं नाव. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. पुढचा रस्ता दोन दिशांनी जातो. एक तर नेहमीप्रमाणे नोंदणीचं नूतनीकरण, ज्यात फिटनेस बघितला जातो. नाहीतर केंद्राने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी त्यात बसते. नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारायची मित्राची स्वप्नं तिथेच अडकली. लग्नाला भाड्याने देऊ म्हणणारा एक मेहुणाही गप्प झाला.

याच नियमांत एक अट आहे: गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. तोवर निदान चार जणांनी "मारुतीचं इंजिन टाका, पाच गिअरही मिळतील" असा सल्ला दिला होता, आणि अर्धचंद्र हातात आल्यावर तो मोहकही वाटायला लागला होता. तो विषय संपला. इंजिनाचा नंबर 'एफडी'ने सुरू होतो, गाडीचाही. मार्क ३ ची ती खूण. ब्लॉक मूळचा आहे, तोच दुरुस्त करायचा.

दुसरा निर्णय एका पट्टीचा. आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागतात. या गाडीचा नंबर बॉडीवर रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर आहे. चेसिसच्या लोखंडावर तो आम्हाला सापडला नाही. रंगाआधी रिव्हेट ड्रिल करून पट्टी काढणं ही पेंटरची साधी सवय, आणि ती पट्टी हरवली तर आरटीओच्या लेखी गाडीच हरवली. म्हणून पहिल्यांदा प्रिंट घेतली, फोटो काढले, मग पट्टी जागेवरच ठेवून वर पत्र्याची टोपी बसवून सील केली. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे ट्रायम्फच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत, तिथून प्रमाणपत्र मागवलंय. डॅशबोर्डमागे लालच्या खाली निळा आणि निळ्याच्या खाली गडद हिरवा सापडलाय. तो कारखान्याचा असेल तर 'रेड बेबी' हिरवी होणार, आणि घरात त्यावरून आत्ताच दोन तट पडलेत.

बाकीचं थोडक्यात. सगळे नट-बोल्ट इंची. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना लागतो खरा, पण ढिला, आणि नटाचे कोपरे खातो. म्हणून अँबॅसिडर टॅक्सी केलेल्या एका गॅरेजमधून इंची पान्यांचा जुना संच मिळवला. वायरिंग उंदरांनी खाल्लंय, पण लुकास कंपनीच्या वायरचे रंग ठरलेले असतात, तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरा इग्निशनचा, हिरवा फ्यूजनंतरचा, काळा अर्थ, त्यामुळे उरलेल्या तुकड्यांवरून नकाशा जुळतो. सिलचे तिन्ही थर इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. कस्टमची रक्कम मित्राने बायकोला सांगितलेली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

मेअखेर डावा सिल बसला. आतला थर आणि मजबुतीची पट्टी बसवून, प्रत्येक टप्प्याला दार लावून फट बघत, सीओटू वेल्डिंगचे टाके एक इकडे एक तिकडे असे मारले, म्हणजे पत्रा तापून ओढला जात नाही. टाके मिस्त्रींच्या मुलाने मारले. मिस्त्री स्टुलावर बसून प्रत्येक टाक्यानंतर स्वतः उठून दार लावायचे. गाडीखाली आता ते जॅक घेऊन जात नाहीत, आधी वाकून बघतात, मग मला विचारतात, "इथं आहे का काही?"

पावसात ठाण्याच्या हवेत उघडा पत्रा आठवड्यात लाल पडतो, म्हणून प्रायमर मारून काम थांबवलंय. उजव्या बाजूचा आधार लावलेला आहे, ती बाजू दसऱ्यानंतर उघडू. डाव्या दाराच्या फटीत वर, मध्ये आणि खाली एकच पेन्सिल जाते. ती पेन्सिल तिथेच दोरीने बांधून ठेवलीय.